चौथा वण

नव्या पेठेत, लाकडी जिन्याच्या वर, काचेच्या छपराखाली
अडिवेप्पा हत्तुऱ्यांचा स्टुडिओ होता, आणि स्टुडिओत
एक कोट होता.
काळा. पाठीत उसवलेला, पण पाठ कोण बघतंय.
साखर पेठेत, भद्रावती पेठेत
भिंतीवर हार घालून जे जे बाप बसलेत
त्यातल्या निम्म्यांच्या अंगात तोच आहे.
बारक्याला मागून चिमटे लावायचे,
जाड्याला बटणं सोडून उभं करायचं.
हातातल्या घड्याळाला यंत्र नव्हतं,
नुसती साखळी आणि तबकडी.
त्या दहा वर्षांत सोलापुरात जो उभा राहिला
तो चार वाजून वीस मिनिटांनीच उभा राहिला.

मागे पडदा: तळं, हंस, पलीकडे बर्फाचे डोंगर.
मी एकदा विचारलं, सिद्धेश्वराचं तळं का नाही रंगवून घेतलं?
म्हणाले, ते रोज फुकट दिसतंय, त्याला पैसे कोण देईल?

माझं काम मागच्या खोलीत, काचेवर.
भिंग, टोकदार पेन्सिल, उत्तरेची खिडकी.
काचेवर सगळं उलटं, कोट पांढरा, माणूस काळा.
देवीचा वण तिथं बारीक उजेडाचं भोक असतो.
भोक बुजवलं की कागदावर गाल गुळगुळीत.
एका गालाचे दोन आणे.
खोटं कुणी म्हणत नसे. 'साफ करणं' म्हणत.

एकदा मल्लय्या आला, मागावरचा.
मानेमागे लोखंडी आकडा, आठ मोजेपर्यंत हलायचं नाही.
तो हलला नाही. मान नाही, पापणी नाही.
काच धुतली तर उजव्या पायाच्या जागी धुकं.
नसलेल्या मागाची पावडी दाबत होता,
त्याचं त्याला ठाऊक नव्हतं.
अडिवेप्पा काच फुकट गेली म्हणून दिवसभर करवादले.
तिच्यावर कोट आमचा, घड्याळ आमचं, तळं आमचं.
पाय तेवढा त्याचा.

मग प्लेगचं साल. पेठा ओस,
माणसं माळावर झोपड्या टाकून.
अशात लच्चव्वा जिना चढून आली,
पदरात फोटो. तिचा नरसू, कोटात,
बाह्या बोटांच्याही खाली.
म्हणाली, हा माझा नाही.
अडिवेप्पांनी पावतीबुक काढलं, तारीख दाखवली.
कोट असू दे, ती म्हणाली, घड्याळ असू दे.
गालावरचे कुठं गेले?
दिवा नसला तरी बोट लावून ओळखायची मी त्याला.

काच शोधली. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला.
माझी पेन्सिल उतरली, दोन आणे उतरले.
नवा कागद लावून उन्हात ठेवला,
ती शेजारी उकिडवी बसून, कागद तपकिरी होईस्तोवर.
उतरत्या पाण्यातून खडे दिसावेत तसे
वण वर आले.
तिनं बोटानं मोजले. ओकटी. रेंडू. मूडू.
बोट थांबलं.
तीनच होते, म्हणाली. हा कुणाचा?

धूळ. काच भरताना बसली असणार.
दार लोटायचं राहिलं की सोलापूरची धूळ
न विचारता फोटोत येऊन बसायची.
मीही वण काय, धूळ काय, एकाच हातानं बुजवलेलं.
म्हटलं, काढतो, मिनिटाचं काम आहे.

तिनं फोटो ओढून घेतला.
पुन्हा मोजले. पुन्हा चार.
बराच वेळ गेला. खाली रस्त्यावर
कुणीतरी खाट ओढत नेत होतं.
मग म्हणाली,
'मीच कधी नीट मोजले नसतील.'

जिना उतरतानाचे तिचे पाय मी ऐकले.
काही बोललो नाही.

काच अजून माझ्याकडे आहे,
कधी कधी खिडकीशी धरतो.
चारांतला धुळीचा कुठला
ते तेव्हा मला माहीत होतं.