समोच्चरेषा

मूठ वळा, म्हटलं.
बत्तीस मुठी बाकांवर आल्या,
थंडीनं उललेल्या, एकीला चिकटपट्टी.
आता बॉलपेननं मनगटाच्या जरा वर एक वर्तुळ,
त्याच्या आत दुसरं, तिसरं,
थेट टेंगळांपर्यंत.
एका रेषेवरचं सगळं एकाच उंचीवर असतं.
रेषा जवळ आल्या की चढ खडा.
आता हात उघडा, सपाट करा.
झाला नकाशा.

एकोणीस वर्षं हेच सांगते आहे
मालोतीच्या या शाळेत,
जिथं खिडकीतून दिसतो तो प्रत्येक डोंगर
पोरांनी गुरांमागं पायांनी वाचलेला,
आणि पेपरात विचारतात, भरती-ओहोटीची कारणं लिहा.
लिहितात बिचारी. चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण.
समुद्र कुणीच पाहिलेला नाही.
मी एकदाच, दरबानला, भावाच्या लग्नात, आणि तोही रात्री.
नुसता आवाज ऐकला.

यंदा दुष्काळ. धरण उतरलं.
पाणी आमचं, पण बोगद्यातून जातं
सरहद्दीपलीकडच्या शहराला, तिथल्या हिरवळींना;
ते काही थांबलं नाही.
शुक्रवारी वर्ग घेऊन काठाशी गेले,
ब्लँकेटं पांघरलेली पोरं, मागून कुणाचं तरी शिंगरू,
आणि समोर
मला फळ्यावर कधी जमल्या नाहीत इतक्या नेटक्या रेषा,
उतरत्या पाण्यानं सोडलेल्या, फिक्या मातीच्या,
प्रत्येक घळीत आत शिरून
प्रत्येक सोंडेवरून वळसा घेत बाहेर येणाऱ्या.
खोटं कशाला बोलू, आनंदले मी.
बघा, म्हटलं,
पाण्याइतकी सरळ पट्टी कुणाकडे नाही.

मोत्लात्सी ओठ न हलवता मोजत होता.
नवव्या रेषेखाली दगडांचा एक वाटोळा गडगा
पाण्याबाहेर पाठ काढून बसलेला.
"म्मे, तो आमचा गोठा."
पोरगा धरणानंतर जन्मलेला.
गोठा त्यानं पाहिला तो आजीच्या तळहातावर:
हे दार, इथून ज्वारी, इथून ओढा,
एका हाताचं बोट दुसऱ्या उघड्या हातावर.

सोमवारी चाचणी. प्रश्न चौथा, दोन गुण:
'क्ष' या ठिकाणाची समुद्रसपाटीपासून उंची सांगा.
लिनेओनं लिहिलं, दोन हजार चाळीस मीटर. बरोबर.
मोत्लात्सीनं 'समुद्रसपाटी' खोडून
वर लिहिलं होतं, आमच्या उंबरठ्यापासून.
मग खाली, एकाखाली एक:
उंबरठा शून्य.
आजचं पाणी दोन.
गोठा तीन.
भरलेलं पाणी वीस.
आजोबांची कबर उणे एक.
आजोबांची कबर, हलवलेली, एकशे बारा.
शाळा एकशे चाळीस.
आणि समासात, बारीक अक्षरात,
शून्य कुठं धरायचं हे कुणी ठरवलं?

गुणदानाच्या तक्त्यात उंबरठा नाही.
कपाटातून जुना नकाशा काढला,
ज्यावर दरी अजून कोरडी आहे, घरांचे काळे ठिपके,
निळं म्हणून फक्त ओढ्याचं केसाएवढं रेघोटं.
पण नकाशा वीस मीटरच्या खालचं काही बोलत नाही.
त्याचे दोन, त्याचे तीन
तपासायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

शेवटी मास्तरकीच केली. लाल पेननं शेरा:
एकक लिहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पेपर घेऊन आला.
विहिरीचं पाणी जसं पुरुषांत मोजतात
तसं त्यानं प्रत्येक आकड्यापुढं लिहिलेलं: आजी.
दोन आजी पाणी. वीस आजी पाणी.
"मीटर नाही?"
"नाही म्मे. ती हात वर करून दाखवते."

बरं, म्हटलं. पेनाचं टोपण काढलं.
हिशेब तर करायला हवा.
आजीची उंची किती?

तो जरा थांबला.
त्याच्या मुठीवर अजून दोन वर्तुळं होती, पुसट.

"तेव्हाची," म्हणाला, "की आताची?"