चाळीस बाय पन्नास

आधी बाद्री आला, सोमवारी, मी शटर अर्धंच वर केलं होतं.
मोबाइल काउंटरवर ठेवून म्हणाला,
हा भिंतीवर लावायचाय. चाळीस बाय पन्नास. उभा.
फोटो आडवा होता.
द्राक्षांच्या मांडवाखाली मधोमध म्हातारा वार्लाम,
दोन हात दोन मुलांच्या खांद्यांवर.

उभा करायचा तर एक जण जाईल, मी म्हटलं.
जाऊ दे, तो म्हणाला.

पडद्यावर मोठा करून दाखवला.
या फोनवरून त्या फोनवर फिरून झिजलेला,
मिशीच्या जागी सात-आठ करडे चौकोन.
'फुटतोय,' मी म्हटलं. आमच्या धंद्यातला शब्द.
तो ऐकून उगाच दाराकडे बघत राहिला.

मूळ फाइल निघाली त्सियालाकडे.
ती बहीण. इटलीत, बारीला, कुणाच्या तरी आईला भरवते.
फोटो तिनेच काढलेला, म्हणून ती फोटोत नाही.
रात्री पावणेदोनला पाठवलीन.
सहा हजार बाय चार हजार,
वेलीचं पान न् पान मोजून घ्यावं.
खाली एक ओळ: मला दहा बाय पंधरा. अख्खा.
दरपत्रकात तो सगळ्यात स्वस्त,
आणि त्यात काहीच कापावं लागत नाही.

मी चौकट उजवीकडे सरकवली.
ओतिया गेला. त्याच्यामागचा अक्रोड गेला.
वार्लामचा हात कोपरापाशी संपला,
आणि कडेला उरली निळ्या शर्टाची बोटभर बाही.
ती पूस, बाद्री म्हणाला.
बाही पुसली तर कोपर जाईल, मी म्हटलं.
बराच वेळ खिशातल्या किल्ल्या वाजवत राहिला.
राहू दे.

गुरुवारी ओतिया. तोच फोटो.
'त्यानं केवढा घेतला?'
सांगितलं.
'मग माझा पाच सेंटीमीटर मोठा कर.'
तेवढी फ्रेम नाही माझ्याकडे, मी म्हटलं.
होती. मागच्या खोलीत तीन होत्या.

चौकट आता डावीकडे.
बाद्री गेला, नळ गेला,
नळाखाली गार करत ठेवलेल्या काकड्या गेल्या.
वार्लाम याही चौकटीत बसला, एका हाताने कमी.

कुतायसीत त्यांचं घर अजून एकच आहे, वरून पाहिलं तर.
आत, जेवणाच्या खोलीच्या मधोमध,
नऊ वर्षांपूर्वी घातलेली एका विटेची भिंत.
बिनखिडकीची तेवढीच.
दोघांनाही फोटो तिच्यावरच हवा.

जमिनीपासून मध्यापर्यंत एकशे पंचेचाळीस सेंटीमीटर,
उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर.
खिडकीपासूनचं अंतर मी सुतळीने घेतलं,
सुतळीला गाठ मारली, आणि तीच गाठ
दुसऱ्या दाराने पलीकडे नेली.
कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

वाटलं होतं, तुटलेले हात विटेत एकमेकांना भेटतील.
दुकानात बसून कागदाच्या दोन चिठोऱ्यांवर करून पाहिलं.
नाही भेटत.
पाठीला पाठ लावली की डावं-उजवं उलटतं.
दोन्ही हात एकाच बाजूला निघतात, खिडकीकडे,
आणि वार्लामच्या पाठीशी वार्लाम.

बाद्रीकडचा आधी लागला.
मग ओतियाकडे खिळा धरला, तीन घाव घातले,
चुना गळून माझ्या बुटांवर पडला.
चौथ्याला पलीकडून आवाज आला,
'हळू! माझ्याकडचा वाकडा होतोय.'

ओतियाने माझ्याकडे पाहिलं.
भिंतीकडे पाहिलं.
हातोडी माझ्या हातून घेतली
आणि उरलेला खिळा
नखाने टकटक करावी तसा ठोकत बसला.