उसनं नाणं

स्वतःचं नाणं कधी काढू नये,
भरमामामा सांगायचा.
तुझ्या खिशातल्या नाण्यावर कोण विश्वास ठेवणार?
मागून घे. समोरच्याच्या हाताची ऊब असलेलं.

निपाणीचा स्टँड. चिकोडीची गाडी चुकलेली.
वखारीतनं सुटलेल्या बायका बाकावर, डोक्याचं फडकं सोडत.
"मावशी, एक नाणं द्या की. परत देतो."
तिनं पदराची गाठ सोडली.
पाचाचं, जुनं, जाड, कडेला खाच,
तंबाखूचा वास.

उजव्यातून डाव्यात दिलं,
म्हणजे दिलं नाहीच.
अंगठ्याच्या बुडाशी ते गप्प बसलं
आणि मी बघत राहिलो डाव्या मुठीकडं.
एवढीच विद्या:
आपण बघू तिकडं लोक बघतात.
रिकामी मूठ जड वाटली पाहिजे,
आधी आपल्याला.

फुंकर.
"एल्ली होतु?" शेंगावाल्याचा पोरगा किंचाळला,
"कुठं गेलं?" त्याच्याच बहिणीनं.
कंट्रोलरसुद्धा खिडकीतनं वाकला.

मावशी हसली नाही.
"दिवसभर पानं निवडते बाबा, तीस वर्षं.
हात भरलेला हाय का रिकामा
ते खांद्यावरनं कळतंय."

कानामागून काढायचं ठरलेलं ते
मी तसंच तिच्या तळहातावर ठेवलं, घामेजलेलं.
तिनं अंगठ्यानं खाच चाचपली.
तीच होती.
गाठ मारली, दोनदा.

संकेश्वरची गाडी लागली.
पायरीवर एक पाय ठेवून ती वळली,
"खांदा सोड. बाकी बेस हाय."

भरमामामाला हे ठाऊक नसावं.
किंवा उजवा खांदा त्याचाही
असाच वर असायचा,
आणि मी बघत होतो
तो दाखवेल तिकडं.