माझे सात कधी वाजतात?

झेन्सव्हिलमध्ये, वाय आकाराच्या पुलापासून तिसरं दुकान माझं.
सँडविच, सूप, उन्हाळ्यात आइस्क्रीम.
हात धुवायच्या बेसिनवर सरकारी तक्ता लावलाय,
लॅमिनेट केलेला, कोपऱ्यात मेयोनेजचा डाग:
चौदा-पंधराचं मूल, शाळेच्या दिवशी तीन तास,
आठवड्याला अठरा,
संध्याकाळी सातच्या पुढे एक मिनिटही नाही.
मांस कापायच्या यंत्रावर लाल स्टिकर,
अठराच्या आतल्यानं हात लावायचा नाही,
पुसायलासुद्धा नाही.

डेलेनी चौदाची.
परवान्याचा कागद दोन्ही हातांत धरून आली होती,
आरशासारखा.
ट्रॉम्बोनसाठी पैसे साठवतेय,
सेकंडहँड, चारशे डॉलर, नळी जरा अडकते म्हणे.
काकडीच्या चकत्या अशा लावते, जणू कुणी मोजणार आहे.
सहा अठ्ठावन्नला मी ओरडते, "डेलेनी, एप्रन!"
"अजून दोन मिनिटं आहेत, मिसेस टी."
"ती गाठ सोडायला."

तिची आई वृद्धाश्रमात कामाला, आठला सुटते.
मधला तास कायद्यात कुठेच बसत नाही,
म्हणून तो बसतो तीन नंबरच्या टेबलाशी
बीजगणित उघडून, एका कोकोचं गिऱ्हाईक होऊन.
बोलता बोलता तिचा हात फडक्याकडे जातो.
मी फडकं हिसकावते. "हे काम झालं! ठेव."
ती हसते. मला नाही हसू येत.
पलीकडच्या पिझ्झावाल्याला दंड झाला तेव्हा
आकडा ऐकूनच त्याचे बारा वाजले होते.

आणि गल्ल्यावर माझी शाल्मली.
तीही चौदाची, डेलेनीहून अकरा दिवसांनी धाकटी.
नऊपर्यंत गल्ला, मग खुर्च्या उलट्या टेबलांवर, मग फरशी.
लपवाछपवी नाही, मी वकिलाला विचारलं होतं.
तो म्हणाला, दुकान तुमचं, मूल तुमचं,
यंत्राजवळ तेवढी जाऊ देऊ नका,
तासांचं बंधन नाही.
मी खूश होऊन त्याला टर्की सँडविच बांधून दिलं.
कायदा माझ्यावर विश्वास टाकून गप्प बसला होता,
हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गेल्या मंगळवारी ती तक्त्यासमोर हात धूत उभी राहिली
जरा जास्तच वेळ,
साबणाचा फेस कोपरापर्यंत.
"आई, माझे सात कधी वाजतात?"

मी म्हटलं, हे घरचं काम.
म्हटलं, तुझ्याएवढी असताना मी मामाच्या छापखान्यात
लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लावायचे, मध्यरात्रीपर्यंत,
बोटं पिवळी व्हायची, आणि कुणी कधी
"तिथे तक्ता होता?" तिनं विचारलं.
रागानं नाही. गणितातली सुटलेली पायरी विचारावी तसं.

आज सहा अठ्ठावन्नला मी दोन नावं घेतली.
दुसरं नाव आपलं आहे
हे शाल्मलीला कळायला जरा वेळ लागला.

आता दोघी तीन नंबरला. एक कोको, दोन चमचे.
गल्ल्यावर मी, चष्मा कपाळावर,
सुट्टे मोजताना दोनदा चुकलेली.
रांगेतला ट्रकवाला विचारतो, ती मुलगी कुठंय, भराभर करायची?
"सात वाजून गेले," मी म्हणते,
आणि दहाच्या दोन नोटा एकीला एक चिकटून आल्यात का ते
अंगठ्यानं चोळून बघते.