नऊ की अकरा

ओळंबा सोडला, तर तो भिंतीपासून
सहा इंच लांब जाऊन लटकला.
"घर चुकलं की दोरी?" प्रॉसरने शिडीवरून विचारलं,
दातांत लाकडी खुंट्या धरून,
म्हणजे अर्धं विचारलं, अर्धं चावलं.

हेरेफर्डशर. सफरचंदाच्या बागांमागे एल्मस्कोट.
पाहुणे फोटो काढतात तो काळा रंग नंतरचा,
कुणा पणजोबाची हौस.
खरवडलं की खालचं ओक राखाडी निघतं,
म्हाताऱ्या बैलाच्या शिंगासारखं.

वरचा मजला खालच्यापेक्षा दोन फूट पुढे झुकलेला,
दारात कोण काय बोलतंय ते ऐकायला.

माझं काम मोजण्याचं.
कुठला खांब कुजला, कुठली तुळई किती खचली,
वहीत तीन रकाने: जागा, दोष, दुरुस्ती.
सांगाड्यात एक खिळा नाही.
खाचेत कुसू, कुसवातून खुंटी,
आणि लाकूड ओलंच वापरलेलं, तोडल्या तोडल्या.
ते वाळलं जागेवर, उभ्या उभ्या,
वाळताना पीळ पडला, सांधे आवळत गेले.
चारशे वर्षांपूर्वीचा आळस म्हणा, नाहीतर अक्कल.

खांबांच्या मधे हेझलच्या कामट्या, त्यांवर माती, पेंढा, शेण.
शेण म्हटल्यावर मिसेस थ्रॉकमॉर्टन जरा मागे सरकल्या.
मी वास घेऊन पाहिला.
काहीच येत नाही आता.

तिसऱ्या दिवशी, माळ्यावर, टॉर्च आडवा धरल्यावर दिसलं:
प्रत्येक लाकडावर पटाशीने कोरलेला रोमन आकडा.
अंगणात आडवं जुळवून बघितलेलं घर
सुटं करून पुन्हा उभं करायचं, म्हणून.
सात खांबाला सात तिरपी. आठाला आठ.
नवाला अकरा.

परत मोजलं. नवाला अकराच.
आणि पलीकडे अकराच्या खाचेत
ठोकून, तासून, पाचर मारून बसवलेला नऊ.

प्रॉसर माळ्यावर आला, गुडघे कुरकुरले,
त्याने मान उलटी करून आकडा वाचला
आणि हसायला लागला.
"उलटं धर. XI चं IX होतं."

कुणी पोरगा असेल, नवशिका.
खालून लाकूड वर दिलं, ते उलट्या बाजूने दिलं.
संध्याकाळ झाली असेल, मुकादम वैतागला असेल,
वरच्याने शिवी देऊन दोन इंच तासले असतील.
तेव्हापासून पूर्वेची भिंत
एका खांद्याने पुढे.
त्यावर छप्पर चढलं, धुराडी चढली,
दोन लग्नं, एक दिवाळखोरी, शाळेचं वसतिगृह,
सगळं त्या दोन इंचांवर.

"सरळ करता येईल?" मिसेस थ्रॉकमॉर्टननी खालून विचारलं.
येईल. जॅक लावून, सहा महिन्यांत, बऱ्याच पौंडांत.
पण मग वरच्या चौदा खिडक्या,
ज्या या तिरपेपणाच्या मापाने घडवल्यात,
त्या सगळ्या चुकतील.

मी रकान्यात लिहिलं: दोष, होय.
पुढचा रकाना बराच वेळ मोकळा राहिला,
पेन्सिल थंडीने नीट उमटत नव्हती.

खाली प्रॉसर कुजलेल्या पायथ्याला
नवं ओक सांधत होता, अजून ओलं,
व्हिनेगरसारखा वास, बोटं निळी पडलेली.
त्यावरही आकडा घातला त्याने, सवयीने,
मग थोडा थांबून
खालच्या बाजूला एक रेघ ओढली,
पाय कुठे ते कळावं म्हणून.