संत्र्याचं कुत्रं

दर मंगळवारी मी डांबरगोळ्या बदलते
सतराव्या खणात.
तिथे दोघं शेजारी टाचलेली.
डावीकडे आपलं, लिंबावरचं,
चिठ्ठीवर कळमेश्वर, १९७१.
उजवीकडे फ्लोरिडाचं,
सिगारच्या डबीतून, कापसात, पोस्टाने आलेलं.

उरकुडे सर म्हणायचे, फरक लिहा.
पोरं लिहायची:
तिकडचं पंजाएवढं, आपलं तळहातात मावेल.
तिकडच्याला चमच्यासारख्या शेपट्या, आपल्याला नाहीत.
तिकडच्यावर पिवळा पट्टा, जानव्यासारखा तिरपा;
आपल्यावर नुसते ठिपके, ताक उडाल्यासारखे.
दहापैकी सात.

साम्य कुणी विचारलं नाही.

झाडता झाडता मी ऐकलेलं एवढंच,
की दोघांच्या अळ्या संत्र्याची पानं खातात.
दोघी लहानपणी दिसतात पाखराच्या शिटेसारख्या,
कुणी चोच लावू नये म्हणून.
आपली मोठी झाली की हिरवी होते.
तिकडची कोषात जाईस्तोवर शीटच राहते, बापडी.
तिकडचे बागवाले तिला म्हणतात
संत्र्याचं कुत्रं.
आपले बागवाले नाव ठेवत बसत नाहीत,
पंप पाठीला लावतात.

टिमकीत, माझ्या गच्चीवर, तेलाच्या डब्यात
एक रोप आहे, खाल्लेल्या फोडीच्या बीचं.
नऊ वर्षांत फळ नाही.
नवरा म्हणतो, काहून पाणी घालतेस?
परवा त्यावर एक हिरवी.
चिमटीत धरली, आता चिरडणार,
तर डोक्यातून दोन केशरी शिंगं काढली तिने
माझ्यावर!
करंगळीएवढ्या जिवाने.
आंबूस वास सुटला, कुजल्या सालीचा.
घे बाई, म्हटलं, खा.

दुसऱ्या दिवशी तोच हात खणात.
साबणाने गेला नव्हता वास.
उजवीकडच्याची एक शेपटी गळून पडलेली;
ती पुडीत बांधली, पुडीवर लिहिलं, उजवीकडचं.
मग उगाच वाकून हुंगलं दोघांना.
डांबर, फक्त डांबर.

रिटायर होताना सर म्हणाले होते,
आपलं फुलपाखरू निघालंय,
रोपांबरोबर म्हणा, कशाबरोबर म्हणा,
तिकडच्या बेटांवर पोचलंसुद्धा.

तिथेही असेल एखादी गच्ची,
एखादा डबा, न फळणारं झाड,
आणि झटकायला उचललेला एक हात.
तिला कुणी कळवा,
आपली थोड्या दिवसांनी हिरवी होते.