ताकाला येणारी माणसं

काचेवर ‘चीज’ असं लिहायची मला परवानगी नाही.
तो शब्द दुधाच्या मालकीचा,
असं सरकारी पत्र आलं. दोन पानी, अगदी सौजन्यानं.
मी शब्द खरवडून काढला.
लेवार्डनच्या कालव्याकाठी, सात फूट रुंद माझं दुकान,
त्याच्या काचेवर आता एक पुसट चौकोन आहे
आणि गिऱ्हाइकं म्हणतात,
‘ते तुमचं दोनशे ग्रॅम द्या.’

गावात गाईचा पुतळा आहे. काळा, धष्टपुष्ट.
लोक तिला ‘आमची आई’ म्हणतात.
दुकान तिच्या नजरेच्या टप्प्यात नाही,
जागा घेताना मी तेवढं पाहिलं होतं.

बापाच्या एकसष्ट गाई होत्या.
सगळ्यांची नावं मला अजून येतात.
पण ते काउंटरवर सांगत नाही.
काउंटरवर प्रवचन मांडलं की माल हलत नाही,
हे मला पहिल्या जानेवारीनं शिकवलं:
एकतीस दिवस, एकशे चौदा युरो.

काजू रात्रभर भिजतात.
पहाटे सम्रावित ते वाटते, विरजण घालते, झाकते,
आणि झाकणावर कान ठेवून ऐकते.
तिच्या अस्मारातल्या घरी वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस
दूध-लोण्याला शिवतच नाहीत.
कामाच्या पहिल्या दिवशी तिनं किमतींची पाटी वाचली.
‘आमच्याकडे याला उपास म्हणतात,’ ती म्हणाली,
‘तुम्ही पैसे घेता?’

गल्ल्याखाली एक वही आहे. तक्रारींची.
‘रबर.’
‘टोस्टवर वितळत नाही, नुसता घाम फुटतो.’
‘डब्यात दिलं. वर्गात मुलं हसली. मुलीनं डबा तसाच आणला.’
या शेवटच्या ओळीवर मी सहा आठवडे घातले.
मुलगी आता उंच झालीय,
आईला बाहेर उभं करून स्वतः आत येते.

गुरुवारी गोठेवाल्यांच्या बायका येतात.
ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं,
‘नातीसाठी हवंय, तिचं पोट नाजूक आहे.’
मी साध्या खाकी कागदात बांधते, वर नाव नाही.
नातीचं पोट नाजूक,
पण महिन्याला दीड किलो जातं.

आणि शनिवारी त्यालिंग.
चाळीस वर्षं दूध काढलं, मग डॉक्टरनं दूध तोडलं.
तीन वर्षं तो येतोय,
सायकल भिंतीला, टोपी हातात, एक तुकडा चाखायला.
लवंग-जिऱ्याचं, आमच्या मुलखाचं, तेवढंच.
जीभ टाळूला लावून उभा राहतो,
जसं कुणी परक्या दारावर हळूच टकटक करावं.
मग मान हलवतो.
‘वित्स्के, ते नाही.’
‘बरं,’ मी म्हणते. ‘पुढच्या शनिवारी.’
दुधाची तहान ताकावर भागवावी म्हणतात.
माझ्याकडे तर ताकही नाही.

मार्चमधला शनिवार, वारा आडवा, रांग दारापर्यंत.
त्यालिंगनं तुकडा तोंडात टाकला.
मागे दोन विद्यार्थी, एक रडतं बाळ.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग, जरा चिडूनच:
‘या चीजमध्ये मीठ जास्त झालंय.’

सम्रावितचा हात सुरीवर थांबला.
मी वही काढली.
लिहिलं: मीठ, चिमूटभर कमी.
तारीख घातली. पेन्सिल दोनदा मोडली.

त्यानं पाव किलो घेतलं, नोट ठेवली, गेला.
दहा मिनिटांनी परत, धापा टाकत, रांग मोडून पुढे:
‘चाळीस सेंट कमी दिलेस.’
दिले मोजून.
त्यानंही मोजले.